साडूभाऊंचा सीझन

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या हरणांना मराठी वाचता येत असतं, तर दर वर्षी जूनमध्येच त्यांनी आपलं बिऱ्हाड शेजारच्या परगण्यात हलवलं असतं. कारण तोवर आमच्या साडूभाऊंची यादी त्यांच्या कासलबारच्या स्वयंपाकघरात, प्रेसच्या दारावर लागलेली असते. कपाटाला इथे सगळेच प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. यादीत एक्केचाळीस कलमं, प्रत्येकापुढे सहीला जागा. हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो सप्टेंबरला, साडूभाऊंचा जूनला. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, जिथे सुईच्या टोकालाही तीन सह्या लागतात, तिथे क्वालिटीचं खातं सांभाळलेला हा माणूस. नुसती बंदूक उचलून डोंगरावर जाणं त्यांना दाढी न करता लग्नाला जाण्यासारखं वाटतं.

सांगलीच्या ज्या घरात ते वाढले तिथे अंडंसुद्धा ओट्यावर कधी चढलं नव्हतं. मग हे खूळ आलं कुठून? एकोणपन्नासाव्या वर्षी साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. साडूभाऊंना ते अपमानास्पद वाटलं. "कुठे जायचं नसताना चालायचं म्हणजे काय?" ही तक्रार त्यांनी कुंपणापलीकडच्या मायकलजवळ केली. मायकल सत्तरीचा, एकटा, मेंढ्या पाळणारा, आणि उभा जन्म हरणांच्या मागावर डोंगर तुडवलेला. तो म्हणाला, "मग माझ्याबरोबर चल. जाण्यासारखं ठिकाण दाखवतो." झालं! साडूभाऊंनी रीतसर परीक्षा दिली, परवाना काढला. बंदुकीचं कपाट तपासायला आलेल्या गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, दोनदा पोहे मागून घेतले आणि सगळं ग्रँड असल्याचं सांगून तो गेला.

त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा आम्ही जवळून पाहिला. पाठीवरच्या पिशवीत बासमतीची दहा किलोची गोणी घालून ते जिना चढत-उतरत, आणि दर आठवड्याला तिच्यात एकेक किलो मूगडाळ वाढत जाई. नवे बूट पायाला सरावावेत म्हणून ते घरभर बूट घालून फिरत. स्वयंपाकघरात बूट चालणार नाहीत असं ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, बजावलं, तेव्हा त्यांनी बुटांवर अंघोळीच्या प्लॅस्टिकच्या टोप्या चढवल्या आणि तसेच गणपतीच्या आरतीला उभे राहिले. मागच्या अंगणात ते पोटावर सरपटायचा सराव करत. एकदा मागल्या घरातली बाई धावत येऊन विचारून गेली, यजमान पडलेत की काय? हरणाचं नाक तिखट, म्हणून सीझनआधी पंधरा दिवस घरात फोडणी बंद! तेव्हा मात्र ताईचा संयम सुटला. "हरणाच्या नाकासाठी मी आमटीला हिंग घालू नको?" तिने विचारलं. शेवटी शिकारीचे कपडेच बागेतल्या शेडमध्ये राहायला गेले. फराळही न वाजणारा. चकली, चिवडा बाद. थालीपीठ, तेही मऊ सुती फडक्यात. हा सगळा सरंजाम चढवून ते मुलीला शाळेत सोडायला निघाले की ती कळवळून म्हणे, "बाबा, प्लीज, स्टे इन द कार."

आम्ही पोट धरून हसायचो. माझं हसणं ज्या दिवशी थांबलं तो दिवस सांगतो.

त्यांच्या तिसऱ्या सीझनचा ऑक्टोबर. "बघायला तरी चल," म्हणून मलाही नेलं होतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर बसणारा माणूस, अर्ध्या चढावरच माझी जीभ बाहेर आली. पलीकडच्या उतारावर एक थोराड नर उभा होता. साडूभाऊ ओल्या गवतात वीतभर-वीतभर सरपटत पुढे गेले, रायफल टेकवली, श्वास रोखला. दोन वर्षं त्यांनी ह्या एका क्षणाची वाट पाहिली होती. तोवर एकही गोळी झाडण्याजोगी त्यांना वाटली नव्हती.

मागे काहीतरी सरकल्याचा बारीकसा आवाज झाला. मी वळून पाहिलं. मायकल दोन दगडांच्या मध्ये बसला होता, पाय भलत्याच कोनात वळलेला, चेहरा पांढराफटक. त्याने कोटाची बाही दातांत धरली होती. शिष्याचं हरीण उधळू नये म्हणून तो ओरडलासुद्धा नाही! उलट हाताने खूण करत होता : मार, मार.

साडूभाऊंनी एकदाच मागे पाहिलं. मग शांतपणे गोळ्या काढून खिशात टाकल्या, दोनदा तपासलं आणि ते उठून उभे राहिले. नराने आमच्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

फोनला रेंज नव्हती, वरून धुकं उतरत होतं. साडूभाऊंनी चढायची काठी मोडली, पायाला दोन्ही बाजूंनी लावून पट्ट्यांनी बांधली आणि म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलं. "बंदूक तरी माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "तुझ्याकडे परवाना नाही," ते म्हणाले. गळ्यात रायफल, पाठीवर मायकल, असा तो माणूस दोन तास उतरत होता. शंभर पावलं, की थांबायचं. पुन्हा शंभर. दलदलीत मांडीपर्यंत रुतले तरी त्याला त्यांनी खाली टेकू दिलं नाही. मी मागून थालीपिठं घेऊन चालत होतो.

"गोळी घालायला हवी होतीस," मायकल त्यांच्या कानाशी कण्हत म्हणाला.

"सीझन डिसेंबरपर्यंत आहे," साडूभाऊ म्हणाले. "तू बोलू नकोस. मोजणी चुकते."

हॉस्पिटलात पाय बघून डॉक्टरने विचारलं, इतकं नीट कुणी बांधलं? चिखलाने माखलेले साडूभाऊ कोपऱ्यात उभे होते. त्यांची मुलगी आईबरोबर धावत आली होती. कुणी विचारायच्या आधीच ती सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली, "दॅट्स माय डॅड." मीही लगेच, कारण नसताना, शेजारच्या नर्सला सांगितलं की हे माझे साडू.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मायकल पुन्हा डोंगर चढला नाही. गेल्या वसंतात तो गेला. शवपेटीला खांदा द्यायला त्याच्या भाच्यांनी साडूभाऊंना बोलावून घेतलं.

ह्या वर्षी सीझन उघडला तेव्हा आम्ही दोघेच गेलो. पहिल्या मेंढवाड्याशी ते थांबले. "तू हो पुढे, मी हे ढग जरा बघतो," म्हणाले. आभाळात ढग नव्हता. मी थोडा वर गेलो आणि बुटाची लेस बांधायला वाकलो. ती बांधलेलीच होती. ती सोडली, पुन्हा बांधली, मग दुसरी सोडली. मागून त्यांचा श्वास सावकाश, एकेक पावलाने वर येत होता.

जवळ येऊन ते क्षणभर माझ्या हातांकडे बघत राहिले.

"सैल बांधतोस," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात टेकून पुढे झाले.