झुंबरबाई रडली नाही

इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका एकमेकींशी ओरडूनच बोलतात. माग खडखडत असताना दुसरा इलाजच नसतो. झुंबरबाईचा आवाज त्यातही वरचढ. तिचा नवरा केरबा त्याच कारखान्यात माग चालवायचा आणि घरी आल्यावर सहसा तोंड उघडायचा नाही. दोघांची एकुलती एक पोर तेजस्वी. तिनं परदेशातनं कुस्तीचं पदक आणलं आणि या घराचं दार वाजायला लागलं.

सगळ्यात आधी आला तो उदयसिंह, कोल्हापुरातल्या एका वाहिनीचा बातमीदार. घरात शिरल्या शिरल्या त्यानं विचारलं, "मावशी, चूल कुठाय?"

"चूल कशाला? गॅस हाय की."

उदयसिंहाचं तोंड उतरलं. शेवटी शेजारणीच्या परसात पाणी तापवायची चूल होती, तिथं झुंबरबाईला बसवलं. ओली लाकडं, डोळ्यांत धूर, गालावर पाणी. संध्याकाळी टीव्हीवर आलं, 'लेकीच्या पदकासाठी धुरात जळलेली माय!' केरबा हसला, झुंबरबाईही हसली. पोरीचं कौतुक होतंय, लागला थोडा धूर तर लागला, असं तिला वाटलं. कारखान्याचे मालक बाळासो यांनी चौकात तेजस्वीचा हा एवढा बोर्ड लावला. खाली त्यांचा स्वतःचा फोटोही होता.

त्यानंतर तेजस्वीला उसंत म्हणून मिळाली नाही. आज सत्कार, उद्या उद्घाटन, परवा शाळेत भाषण. जो भेटेल तो म्हणायचा, "पुढचं पदक तर आपलंच!" पोरगी सरावासाठी पुण्यात राहायची, तिथनं फोन करायची. "आई, झोप लागंना. छातीत धडधडतंय. मॅटवर पाय ठेवला की श्वास पुरत न्हाय."

"दूध पी, नीट जेव," झुंबरबाई सांगायची. आणखी काय सांगावं ते तिलाही कळत नव्हतं.

मग पुण्यातल्या निवड चाचणीत कुस्ती ऐन रंगात असताना तेजस्वीनं हात वर केला आणि ती मॅटवरनं चालती झाली. बाहेर बातमीदारांनी तिला घेरलं. एकानं कॅमेरा अगदी तोंडाला लावला. तिनं तो ढकलला, कॅमेरा खाली पडून फुटला. तेवढाच तुकडा घरोघरी पोचला. आधी ती गुदमरत होती, भिंतीला धरून उभी होती, ते कुणी दाखवलं नाही.

रात्री बातमी आली, 'पदक मिळालं, डोकं फिरलं!' दुसऱ्या दिवशी, 'तेजस्वी नशेच्या आहारी?' नंतर मैत्रिणीच्या हळदीत नाचतानाचा जुना फोटो शोधून काढला आणि खाली लिहिलं, 'सराव सोडून धिंगाणा.' कुस्ती संघटनेनं सहा महिन्यांची बंदी घातली. बाळासोंनी बोर्ड उतरवला. कारखान्यात जिच्याबरोबर झुंबरबाई रोज डबा खायची, ती शालूबाई म्हणाली, "टीव्हीवर दावत्यात म्हंजे काय तरी आसंलच की."

झुंबरबाईनं त्या दिवशी डबा तसाच घरी आणला.

घरी परतलेली तेजस्वी भिंतीकडं तोंड करून पडून असायची. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मनाचा आजार आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. अशात उदयसिंहाचा फोन आला.

"मावशी, स्टुडिओत या. हात जोडून लोकांची माफी मागा. रडू आलं तर आवरू नका. लोक विरघळत्यात. आणि साधंच लुगडं नेसा."

"येते. पण थेट चालू असताना बोलणार. मागनं कापायचं न्हाय."

केरबा म्हणाला, "कशाला जातीस? चार दिसांत लोक इसरत्यात."

"लोकांनी इसरायचं आन आपल्या पोरीनं जलमभर ध्यानात ठेवायचं व्हय?"

ठेवणीतली इरकल नेसून ती एसटीनं कोल्हापूरला गेली. शाहूपुरीतल्या थंडगार स्टुडिओत दिवे लागले. उदयसिंहानं मुलायम आवाजात सुरुवात केली, "आई म्हणून काय वाटतं, कुठं चुकलं?"

"चुकलं की. मी तुमच्या चुलीम्होरं बसले, तितं चुकलं. माज्या घरात गॅस हाय. आमी दोघं कमावतोय, पोरीला कधी उपाशी ठिवली न्हाय. तुमी खोटं कौतुक केलंसा, ग्वाड लागलं, गप बसले. आता खोटी बदनामी कराय लागलाय, आता न्हाय गप बसायची."

"पण लोक विचारतायत, नशा..."

"कोण लोक? नाव सांगा."

उदयसिंह कागद चाळायला लागला.

"न्हाय सांगता येत? म्हणून म्होरं ते प्रश्नाचं चिन्ह लावता. उद्या मी तुमच्या दारात हुबी ऱ्हाऊन 'उदयसिंह चोर हाय काय?' म्हणून वरडले तर चालंल?"

कॅमेऱ्यामागं कुणीतरी हसलं.

"पोरगी आजारी हाय. हात मोडला आसता तर पट्टी दावली आसती, मन मोडलेलं कुणाला दिसत न्हाय. कॅमेरा पाडला ती चूक. त्या माणसाला तिनं सवता फोन करून माफी मागितली. ते का दावलं न्हाय?"

"मावशी, तुमचे अश्रू..."

"रडणार न्हाय! माजी लेक मेली न्हाय. आजारी पडलीया, बरी हुईल."

तिथंच जाहिरात लागली.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात 'आईचा संताप' आलं, दुसऱ्यात 'आईचीही अरेरावी'. फोनवर अर्धी माणसं शाबासकी देत होती, अर्धी शिव्या. बाळासो म्हणाले, "झुंबरबाई, जरा दमानं घ्यायचं."

"बोर्ड उतरवताना तुमी दमानं घेतलंसा व्हय?" ती म्हणाली आणि कांड्या भरायला बसली. मालक तसेच मागं फिरले. घरी तेजस्वीनं आईच्या मुलाखतीचा तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. "आई, उदयसिंहाला पाठीवर पाडलंस की गं," म्हणत ती खो-खो हसली आणि किती तरी दिवसांनी तिनं आपणहून भाकरी मागून घेतली.

बंदी संपल्यावर तिनं शिरोळकडच्या एका गावच्या जत्रेत कुस्ती धरली. मातीतली, बक्षीसही बेताचंच. समोरची पोरगी ताज्या दमाची होती. तेजस्वी हरली. पण या वेळी ती शेवटपर्यंत लढली, समोरचीचा हात उंचावला आणि मातीनं माखलेल्या अंगानं बाहेर आली. उदयसिंह तिथंही हजर होता.

"तेजस्वी, हा शेवट समजायचा का? की आता जोमानं परतणार?"

झुंबरबाई पुढं झाली, पण पोरीनं तिला हातानं थांबवलं.

"हरली म्हणून लिवा," तेजस्वी म्हणाली. "तेवढंच खरं हाय. बाकीचं माझं मलाच अजून ठाऊक न्हाय, तुमाला कुठनं ठाऊक असणार?"

आणि ती आईला घेऊन जेवणाच्या पंगतीकडं निघाली.