हिमयुग आमच्या फ्रिजमध्ये

आमच्या लॅबमधून वर्षाला एखादा पेपर निघतो, पण सांगण्यासारखं काहीतरी दर हफ्त्याला घडतं. आम्ही हिमयुग संपतानाचा चिखल तपासतो. तेव्हा गरमी एकदम वाढली, दलदली पसरल्या, त्यातून मीथेन सुटला, गरमी आणखी वाढली. हे सगळं जुन्या तलावांच्या तळाशी सापडतं. लॅबमधल्या पांडेयजींची अख्खी पीएचडी त्याच्यावर आहे, आणि जुलैअखेर थीसिस दिली नाही तर रजिस्ट्रेशन रद्द!

*

तलावात पाइप ठोकून चिखल काढत होतो. नाववाले चाचा म्हणाले, "का खोजत हईं?"

"बारह हज़ार साल पुरानी मिट्टी," पांडेयजी म्हणाले.

"त हमरे खेत के माटी का आजे बनल ह?"

*

शाळेची पोरं लॅब बघायला आली. पांडेयजींनी तलावाचे बुडबुडे बाटलीत धरले होते. मीथेन जळतो हे दाखवायला माचिस लावली, तर भडक्यात त्यांची एक भुवईही गेली.

एक पोरगी म्हणाली, "सर, आपकी भौंह भी मीथेन की थी?"

*

मला बघायला पाहुणे आले. आईनं सांगून टाकलं, मुलगी हवामानात आहे. मुलाचे काका लगेच म्हणाले, "मग अक्षय तृतीयेला पाऊस आहे का?"

मी म्हटलं, "बारा हजार वर्षांपूर्वीचा सांगते ना."

स्थळ परत आलं नाही.

*

जूनमध्ये लॅबची लाइट दोन दिवस गेली. पांडेयजींचा सगळ्यात कामाचा तुकडा, हातभर पाइपमधला चिखल, मी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवला. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून पाइपवर मार्करचा बाण होता. आईनं फ्रिज साफ करताना पाइपही घासून काढला.

पांडेयजी न्यायला आले, पाइप बघितला आणि खुर्चीत बसलेच. "आंटी, उल्टा पढ़ लिया तो हिमयुग ख़त्म नहीं, शुरू हो जाएगा."

दोन्ही टोकांचं वय नव्यानं काढायचं तर महिने जाणार होते.

"होऊ दे की सुरू," आई मला म्हणाली. "या गरमीत काय वाईट आहे?"

मग पदराला हात पुसत म्हणाली, "बाणाचं टोक होतं त्या बाजूच्या झाकणाला कुंकू लावलंय. एवढी जुनी माती घरात आली, हात नको का जोडायला?"

थीसिस जुलैत गेली. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी पाइपच्या फोटोवर बोट ठेवलं. "यह ऊपर वाली लाल लेयर किस काल की है?"

पांडेयजी म्हणाले, "सर, वो आंटी की है."