अख्खा गोळा

एखाद्या गोष्टीच्या हात धुऊन मागे लागावं ते माझ्या साडभाऊंनी, आणि त्यापायी दमावं ते मी, अशी वाटणी देवानं साऱ्या नागपुरात फक्त आमच्या दोन घरांत करून ठेवली होती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला महाल भागात, धंदा हातमागाचा. जगात सूत आणि सुताशिवायचं अशा दोनच वस्तू आहेत अशी त्यांची समजूत होती, आणि दुसरीत त्यांना फारसा रस नव्हता. लग्नात ते नवरदेवाचं तोंड बघायचे नाहीत, त्याच्या धोतराचा काठ बघायचे. एकदा आम्ही दोघं एका मयताला गेलो होतो. लोक डोळे पुसत होते आणि यांनी कफनाचं टोक दोन बोटांत धरून माझ्या कानाशी सांगितलं, "फणी विरळ हाये, मास्तर." म्हणजे वीण सैल. मी शाळेत शिकवतो म्हणून मी त्यांचा मास्तर. यांच्याबरोबर पुन्हा कुठे जायचं नाही असं मी त्या दिवशी ठरवलं, आणि पुढच्याच रविवारी त्यांच्यासोबत इतवारीच्या बाजारात सूत बघायला गेलो.

नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं, त्या वर्षांत बाईंना संग्रहणी जडली. बाई म्हणजे साडभाऊंची बायको. माझी बायको थोरल्या बहिणीला बाई म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणायचो. खाल्लेलं काही अंगी लागेना. वैद्यबुवांनी सांगितलं, धान्य बंद. गहू, ज्वारी, भात तर नाहीच, पण डाळसुद्धा नाही. ताकावर राहायचं, सोसतील तशी कंद-फळं घ्यायची. बाई चार महिने ताकावर राहिल्या आणि अशा वाळल्या की हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. मग ताकही नको म्हणू लागल्या. वैद्यबुवा साडभाऊंना दाराबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, काही करून पोटात अन्न जाऊ द्या, नाहीतर दिवाळी दिसत नाही. साडभाऊ आत आले आणि बायकोला विचारलं, काय खावंसं वाटतं. नागपूरच्या बाईला काय वाटणार? गोळाभात. भाताचं नाव काढायला नको होतं, आणि गोळे तर डाळीचे.

"कायचाही करा," बाई म्हणाल्या, "पण ताटात एक अख्खा गोळा दिसू द्या. मंग जेवल्यावानी वाटन."

झालं. माग बंद पडला आणि ज्या माणसानं जन्मात चहा केला नव्हता तो चुलीपुढे बसला. चव बघायला माझी नेमणूक झाली. पहिला गोळा शिंगाड्याच्या पिठाचा होता. तो गरम असताना दाताला चिकटायचा आणि थंड झाल्यावर दात पाडायचा. दुसरा सुरणाचा. त्यानं माझा घसा असा खाजवला की दोन दिवस मी वर्गात खुणांनी भूगोल शिकवला. कच्च्या केळ्याचा गोळा काळाठिक्कर पडला, तेव्हा मी शिकवणीचं निमित्त सांगून पळ काढायला बघितला, पण साडभाऊ दारात उभे राहिले. "असं काहून करून राहिला गा, मास्तर? तुले नाही सोसलं तं तिले कसं सोसन?" मी मुकाट्यानं दुसरा तोंडात टाकला.

शेवटी चव जमली ती रताळं आणि राजगिऱ्याच्या पिठाला. वरून जिरं, हिरवी मिरची नाममात्र. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळायचं, त्याच्या तोंडाला स्वतः विणलेलं फडकं बांधायचं आणि त्यावर गोळे वाफवायचे. पण फडकं सोडलं की गोळ्यांचा नुसता चुरा. बाई ताटाकडे बघायच्या, दोन बोटं लावायच्या आणि ताट सारायच्या. साडभाऊ तो चुरा न्याहाळत बसायचे. माणसं बायकोच्या दुखण्यात देवळं गाठतात, हे गृहस्थ मला रोज सांगायचे की ताण बरोबर आहे, पण धागा धरत नाही. मी आशा सोडली होती. गोळ्याची सोडली होती आणि, खोटं कशाला सांगू, बाईंचीही.

आणि एका रविवारी गोळा धरला. गुळगुळीत, अख्खा, आणि अंगावर फडक्याच्या विणीची नक्षी उमटलेली. साडभाऊंनी तो ताटात ठेवला, वर ताक ओतलं, तरी फुटला नाही. बाईंनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि सगळा गोळा खाल्ला. साडभाऊ हसले. मागचे सगळे किडके दात दिसतील इतके हसले. त्यानंतर रोज दोन गोळे. मीही सुटलो म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

तिसऱ्या आठवड्यात बाईंचं दुखणं दुप्पट जोरानं उलटलं. वैद्यबुवा आले. काय काय खाल्लं ते विचारलं. साडभाऊंनी अभिमानानं पाठ म्हणून दाखवलं: रताळं, राजगिरा, जिरं, मीठ. "आन् धरून राहाले बोटभर खळ."

"खळ कशाची?" वैद्यबुवांनी विचारलं.

"खळ म्हंजे... खळ," साडभाऊ म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सुताला ताठपणा यायला विणकर गव्हाच्या पिठाची खळ पाजतात. पण विणकराच्या घरात तिला कोणी पीठ म्हणत नाही, धान्य तर नाहीच. ती मागाजवळ असते, चुलीजवळ नसते. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाला खळ गव्हाची असते हे ठाऊक नव्हतं असं नाही, ते त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

ते भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. तेव्हा बाई अंथरुणातूनच म्हणाल्या, "पहिल्याच घासाले समजलं होतं मले. तीस वर्सं खळ मीच शिजवून राहिली ना."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुमी किती दिसांनी हासले होते."

त्यावर साडभाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, मागाजवळचं खळीचं मडकं उचललं आणि मागच्या अंगणात नेऊन पालथं केलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चुरा. आता मात्र ते चमचा घेऊन शेजारी बसायचे आणि चुरा ताकात कालवून भरवायचे, आणि बाई अख्खं काही मागायच्या नाहीत. दिवाळी त्यांनी बघितली. पुढचीही बघितली. तिसरीच्या आधी गेल्या.

साडभाऊ आता पुन्हा कापड विणतात, पण मयताला गेले तरी कफनाला हात लावत नाहीत. त्यांना गहू, भात, काहीही खाता येतं. तरी परवा रविवारी गेलो तर रताळं-राजगिऱ्याचीच वाटी पुढे आली. चमचा लावताच गोळा सुटला. मी सवयीनं म्हणालो, छान धरलाय.

"खोटं काहून बोलतो गा, मास्तर?" ते म्हणाले. "तिनंही मले असंच खूश केलं होतं." मग स्वतःच्या वाटीतला चुरा त्यांनी हळूहळू, एक कणही न सांडता संपवला. मीही संपवला.