टाकीचा वास

व्यवस्थापक तात्या गेल्यापासून त्यांच्या खुर्चीत मी बसते. आज माळ्यानं खिडकीबाहेर पाणी घातलं, ओल्या मातीचा वास आला आणि तात्यांच्या वेळची टाकी आठवली.

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीचं सांडपाणी टाकीतले जिवाणू साफ करतात. एकदा कुणीतरी चुकून टाकीत ॲसिड सोडलं. जिवाणू मरू लागले, कुजका वास सुटला. सांडपाणी साफ झालं नाही तर डेअरी बंद पडेल म्हणून सगळे हादरले.

"तात्या, कामावरून कुणाला काढायचं?" मी विचारलं.

"टाकीवर वरडून आतलं जीव जगत्यात व्हय? हवा द्या, वाट बघा. माणसांचंबी तसंच हाय."

टाकी जगली, तिला ओल्या मातीचा वास येऊ लागला.

आज पुन्हा तीच चूक झालीय. कामगार दाराशी मान खाली घालून उभे आहेत.

"बसा," मी म्हणाले. तात्यांइतकी वाट बघायला मला जमेल का, याचीच भीती वाटते.