लेफ्ट फील्डचा रेडा

परवा शनिवारी भर दुपारी, भर स्टेडियममध्ये मला मेल्याहून मेल्यासारखं झालं... आणि गंमत म्हणजे मला कुणी एक वाईट शब्दही बोललं नाही.

आम्ही राहतो त्या मिशिगनमधल्या नोव्हायपासून तासाभराच्या ड्राइव्हवर एक छोटं बेसबॉल स्टेडियम आहे. मोठ्या लीगच्या खालची टीम, आपल्याकडची रणजी समजा. या उन्हाळ्यात मी आणि मंदार, म्हणजे ऑफिसातला माझा नागपूरचा मित्र, जवळजवळ दर शनिवारी तिथे जातोय. तिकीट स्वस्त, हवा छान, आणि घरी व्हॅक्यूम करायला लागत नाही...

सुरुवातीला आम्ही क्रिकेटवाल्यांच्या तोऱ्यातच जायचो. हातात सुपाएवढा मोजा घालून कॅच घ्यायचा, त्यात काय मोठं... हळूहळू मात्र खेळ आवडायला लागला. बराच वेळ काहीच होत नाही, लोक निवांत शेंगा फोडत बसतात, सातव्या इनिंगला सगळे उठून आळस देतात, गाणं म्हणतात... आणि मग एका टोल्यात सगळं स्टेडियम उभं राहतं.

तोरा उतरला, पण तोंड काही आवरलं नाही. आमच्या सीट लेफ्ट फील्डच्या मागे. तिथे जो उभा असतो तो आपला डीप मिडविकेट म्हणा... दांडगा गडी, पण हलायला वेळ लागतो. बॉल उडाला की हा आधी वर बघतो, मग इकडेतिकडे बघतो, मग निघतो.

त्याने या सीझनला इतके कॅच सोडले की नुसतं नाव पुकारलं तरी लोक बू करायला लागले. मी सांगलीचा, मला बू कुठलं जमायला... मी उठून ओरडायचो, "ए रेड्या!"

इथे कोणाला मराठी कळतंय, हा भरवसा. अमेरिकेत आपली भाषा म्हणजे फुकटचा आडोसा असतो. लिफ्टमध्ये, दुकानात आपण त्याच्या आड राहून लोकांबद्दल काय काय बोलून घेतो... तुम्हीही घेत असाल. मंदार हसायचा, मग मला आणखी चेव यायचा. कॅच सुटला म्हणून ओरड, नुसताच उभा आहे म्हणूनही ओरड.

परवा खेळ अर्ध्यावर आला असताना दोन रांगा पुढे बसणारी बाई उठून आमच्याकडे आली. साठीची असेल, डोक्यावर मोठी उन्हाची टोपी. दर शनिवारी दिसायची, पण बोलणं कधी नव्हतं. चोराच्या मनात चांदणं... मला वाटलं, आवाजाची तक्रार करणार. पण ती हसत होती. म्हणाली, लेफ्ट फील्डला उभा आहे तो माझा मुलगा.

मी मंदारकडे बघितलं, मंदारने मैदानाकडे.

"सगळे त्याला बू करतात," ती म्हणाली. "तुम्ही एकटेच दर वेळी सांगता, हे, रेडी, या! थँक यू."

रेडी, या... म्हणजे इंग्रजीतलं तयार राहा... माझं रेड्या. मला समजायलाच थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारी मंदार खोटंखोटं खोकायला लागला, त्याच्या पायावर मी पाय दिला.

ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलीच. इंडियानातून एवढा ड्राइव्ह करून येते म्हणाली. खेळाडूंच्या घरच्यांना बॅटिंगच्या बाजूला चांगली जागा मिळते, पण तिथून तो ठिपक्याएवढा दिसतो, इथून निदान पाठ तरी दिसते. या महिन्यात खेळ सुधारला नाही तर टीम त्याला सोडून देणार, असं त्याला सांगितलंय. मग परत गावी, वडिलांच्या टायरच्या दुकानात...

"लहानपणापासूनच तो जरा सावकाश आहे," ती म्हणाली. "त्याला आधी हाक मारावी लागते." शेंगांची पिशवी तिने माझ्यापुढे धरली. घेतल्या, आणि नुसत्याच सोलत बसलो.

खरं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही... पण सांगणार काय? बाई, तुमच्या लेकाला मी सगळा उन्हाळा जनावर म्हणत होतो? धीर झाला नाही. मी नुसता मान डोलवत राहिलो. एवढी लाज मला नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

आठव्या इनिंगला बॉल उंच उडाला, लेफ्ट फील्डकडेच. तिने माझा दंड धरला. म्हणाली, "सांगा ना त्याला, तुमचा आवाज मोठा आहे."

मी अर्धवट उठलो आणि परत बसलो. तीच उठली आणि जिवाच्या आकांताने ओरडली... घाईत सगळी अक्षरं एकात एक मिसळली आणि आईच्या तोंडून अगदी सांगलीचा शब्द बाहेर पडला, "रेड्या!" या वेळी मंदारही हसला नाही.

तो धावला. इकडेतिकडे न बघता थेट धावला आणि भिंतीपाशी त्याने कॅच घेतला... बू करणारे लोक चक्क टाळ्या वाजवत होते. मग तो आमच्याकडे वळला. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि टोपी काढून वर धरली.

"ते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल मी त्याला फोनवर सांगितलंय. तो आवाज आला की बरं वाटतं म्हणतो."

मी हात वर केला. दुसरं काय करणार...

परत येताना गाडीत मंदार म्हणाला, "पुढच्या वेळी सरळ नावानं हाक मार ना बे." त्याचं बरोबर आहे. पण तो कान लावून असणार तो त्याच शब्दासाठी... येत्या शनिवारी जाणार आहे, आणि ओरडणार आहे तेच. फक्त आता त्याच्या आईला जे ऐकू येतं, तेच मला म्हणायचंय.