बारामतीच्या लॉजवरच्या चार न्याहाऱ्या

परवा नातसूनबाई महाबळेश्वरला निघाल्या. दोन दिवस हॉटेलात मुक्काम, बरोबर दोन पोरं. मला विचारते, "आज्जी, सकाळचा नाष्टा घरूनच न्यायचाय, सोपं काय करू?" म्हटलं, दशम्या कर. तर म्हणते, "बघते हं मोबाइलवर कशा करतात ते." घ्या! ऐंशी पार केलेली बाई समोर पाय पसरून बसलीय आणि ही मोबाइलला विचारणार. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. बांधाबांध करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. पण नुसत्या दशम्या सांगून भागणार नाही. दशम्या म्हटलं की मला बारामतीचा लॉज आठवतो, आणि तो आठवला की सगळंच सांगावं लागतं.

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या कळसचे. मी तेव्हा अकरा वर्षांची. भवानीनगरचा कारखाना नवानवा सुरू झालेला, त्या सुमाराची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, बारामतीला दिलेली. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. सातव्या महिन्यात माहेरी आणायची ठरलेली, आईनं कोपऱ्यातली खोली सारवूनसुद्धा ठेवली होती. तर ऐन फाल्गुनात दाजींचा, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचा, निरोप आला. अक्काच्या हातापायांवर सूज चढलीय, डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात ठेवून घेतलंय, गाडीत बसवायची नाही म्हणतात. तुम्हीच या.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. पण रडत बसायला वेळ कुठं होता? उद्या सकाळी निघायचं, तर आज रात्रीत चार दिवसांची शिदोरी व्हायला हवी.

आता तुम्ही म्हणाल, लेकीचं घर गावात असताना शिदोरी कशाला आणि लॉज कशाला? तर आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं आईबापानं खायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. हल्ली कुणी पाळत नाही, बरंच झालं. पण आमचे आबा म्हणजे रीतीचे पक्के. अक्काच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत ते चार वेळा बारामतीच्या बाजाराला गेले, लेकीच्या ओट्यावर टेकले, आणि कोरड्या घशानं उठून आले. हॉटेलातल्या जेवणाला ते शिवत नसत. मग राहता राहिली शिदोरी.

तर नातसूनबाई, ऐका. दशमीचं पीठ दुधात मळायचं. पाण्याचा थेंब नको. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, दुधात विरघळवलेला गूळ, चिमूटभर मीठ. भाजताना तुपाचं बोट. पूर्ण गार झाल्यावर फडक्यात बांधायची, गरम बांधली की घाम सुटून वाया गेली. अशी दशमी चार दिवस मऊ राहते. जोडीला शेंगदाण्याची सुकी चटणी. धपाटी नेणार असाल तर कांदा घालू नका, आणि पहिल्या दिवशीच संपवा. भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्याचं सातूचं पीठ नेलंत तर सगळ्यात सोपं. लॉजवर पाण्यात कालवा, गूळ घाला, झाली न्याहारी. आमचं तेच घाईत राहिलं.

आणि दूधही कमी पडलं. म्हैस आटत आलेली. अर्ध्या दशम्या दुधात झाल्या आणि उरलेलं पीठ आईनं पाणी घालून मळलं. "हितनं बारामती काय लांब हाय? तवर संपत्यात," म्हणाली. शेवटी तिनं डिंकाच्या लाडवांचा पितळी डबा पांढऱ्या फडक्यात गाठ मारून बांधला. ते लाडू अक्काचे, बाळंतिणीचे. मला जवळ बसवून बजावलं, "सुमे, अक्का बाळंत झाल्याबिगर ह्या डब्याला कुणी हात लावायचा न्हाय. आदी उघडला तर इपरीत व्हतं."

सकाळी गाडीबैलानं मोठ्या रस्त्याला आलो आणि एस.टी. धरली. आज त्या रस्त्याला पाऊण तास लागत असेल, तेव्हा भवानीनगरला उसाच्या गाड्यांची ही रांग! पुढं गाड्या, मागं गाड्या, मध्ये आमची एस.टी. अडकलेली. आबांना दम निघेना. ते उठून ड्रायव्हरपाशी गेले.

"भाऊ, लेक दवाखान्यात हाय वो. जरा काढा की वाट."

"आबा, मी काय उडवत नेऊ व्हय एस.टी.?" ड्रायव्हर म्हणाला. पण लगेच खाली उतरून त्यानं गाडीवानांना हाका मारमारून दोन बैलगाड्या कडेला घ्यायला लावल्या. कारखान्याच्या मळीचा वास अजून कुठं आला ना, की मी पदर नाकाला लावते.

लॉज स्टँडपासून जवळच होता. वरच्या मजल्यावर खोली, दोन खाटा, भिंतीत खुंट्या. दिवसाला दीड रुपया. मागच्या अंगणात चूल होती, सरपण आपलं. विहीणबाई म्हणजे अक्काच्या सासूबाई तिथंच भेटायला आल्या, चांगल्या मायाळू बाई. म्हणाल्या, "अहो, घर असताना लॉजवर काय राहता? अशा वेळेला कसली रीत न् कसलं काय!" आबा मान खाली घालून म्हणाले, "विहीणबाई, नातवंडाचं तोंड दिसू द्या. मग तुमच्या माठातलं पाणी पितो, तवर न्हाय." लॉजचं पाणी मात्र ते पीत होते. पैसे मोजलेत ना, मग चालतं म्हणे.

दवाखान्यात अक्काला बघितलं आणि मी आईच्या पाठीमागं लपले. तोंड एवढं सुजलेलं, की डोळे बारीक झाले होते. ती माझ्याकडं बघून हसली, तेव्हा कुठं ओळख पटली. डॉक्टरीणबाई आबांना बाजूला घेऊन बोलल्या, पण मला ऐकू आलं. "आठवा आत्ता कुठं लागलाय. झटके आले तर आईचं आणि बाळाचं, दोघांचंही अवघड आहे. तुम्ही धीर धरा." आबा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते आणि टोपी काढून परत घालत होते.

पहिल्या सकाळी लॉजवर धपाटी खाल्ली. दुसऱ्या सकाळी दुधातल्या दशम्या. आई एकेक मोजून काढायची आणि आबा त्यातली अर्धी माझ्याकडं सरकवायचे. बाहेर जिन्यावर पाऊल वाजलं की तिघांचे हात जागच्या जागी थांबायचे. दाजीच आले की काय, आणि काय सांगतात! कधी लॉजचा शेट असायचा, कधी शेजारच्या खोलीतला गुळाचा व्यापारी. त्यानं एकदा आत डोकावून विचारलं, "काय पाव्हणं, देवाला चाललाय जणू?" आबांनी दार लोटून घेतलं.

मी लहान, म्हणून मला रिवाजातून सूट होती. दुपारी मी विहीणबाईंकडं जेवायचे. आई-आबा दवाखान्याच्या पायरीवर बसून असायचे आणि दिवस मावळला की आई लॉजवर येऊन पिठलं-भाकरी टाकायची. तिसऱ्या दिवशी दुधातल्या दशम्या संपल्या. त्याच दिवशी दुपारी अक्काला एक झटका आला. मला कुणी सांगितलं नाही. पण आईच्या हातावर अक्काच्या नखांचे ओरखडे होते, ते मी बघितले.

चौथ्या दिवशी मला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि खोलीत मी एकटी. शेटच्या बायकोनं खालून सांगितलं, "तुझी आई न् आबा पहाटंच गेलं दवाखान्यात. तुला बस म्हणून सांगितलंय." मी बसले. भूक लागली. दशम्यांचं शेवटचं फडकं सोडलं तर आंबूस वास आला, बोट लावलं तर तार सुटली. पाण्यातल्या ना त्या! अजून एखादा तास गेला असेल. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यातला डबा होता. मी त्याच्याकडं पाठ केली. परत तोंड केलं. मग गाठ सोडली.

एकच लाडू खाल्ला. पण असा खाल्ला, की जमिनीवर सांडलेला चुरासुद्धा बोटानं टिपून घेतला. मग गाठ परत मारायला गेले, तर आईसारखी जमेचना. विपरीत होतं म्हणाली होती ना आई!

तेवढ्यात जिना वाजला. दाजी. धावत आलेले, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. "सुमन, चल! मुलगा झाला! अक्का बरी हाय!" मी मोठ्यानं रडायला लागले. त्यांना वाटलं, आनंदानं. डबा त्यांनीच उचलला.

बाळ मी बघितलं. एवढंसं, कापसात गुंडाळलेलं, डोक्यावर काळंभोर दाट जावळ. रडत नव्हतं, मांजराच्या पिलासारखं मधूनच कण्हायचं. आबा वाकून त्याच्याकडं बघतच राहिले. पण डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. दर थोड्या वेळानं येऊन त्याच्या छातीला नळी लावायच्या. अकराच्या सुमाराला त्याचं कण्हणं थांबलं. बाईंनी खूप खटपट केली. मग कापूस नीट सारखा केला आणि अक्काच्या खाटेपाशी खाली बसल्या.

मी ओरडले नाही, की रडले नाही. मला ठाऊक होतं ना कुणामुळं झालं ते! दुपारी दाजी आणि आबा बाळाला नदीकडं घेऊन गेले. आई औषध आणायला गेली, तेव्हा मी अक्काच्या उशाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. डबा, गाठ, लाडू. "अक्का, मी मारलं गं त्याला."

अक्कानं मान माझ्याकडं वळवली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कवा खाल्लास?"

"चांगलं उजाडल्यावर. दाजी यायच्या जरा आदी."

"बाळ पहाटं झालं सुमे. अंधारातच. मी सुद्धीवर येईस्तवर तुझं दाजी हितनं हललं न्हाय. तू लाडू खाल्लास तवा मी बाळंत झाली हुती. आईनं काय सांगितलं हुतं? बाळंत झाल्याबिगर न्हाय. मग तुझं काय चुकलं?" तिनं माझा हात धरला. "तो जित्ता असताना कुणीतरी त्याच्या नावानं गोड खाल्लं की गं. आण तो डबा. मला बी दे."

स्वतःचं तान्हं पोर गेलेलं, आणि ही बाई माझी समजूत घालत होती.

आबा परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. विहीणबाई सगळ्यांसाठी घरून पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. त्यांनी दाजींना दिलं, मला दिलं, आणि आबांपुढून कळशी तशीच मागं नेली. रीत त्यांनाही ठाऊक होती. मूल राहिलं नव्हतं, आता आबांना विचारायचं तरी कसं?

आबा म्हणाले, "विहीणबाई, मला न्हाय दिलंत?"

त्या गोंधळल्या. "आबा, पण तुमी... अजून..."

"मी आजा झालो न्हाय व्हय?" आबांचा आवाज चढला. सगळा दवाखाना वळून बघायला लागला. "मांडीवर घेतला मी त्याला. माझं बोट धरलं हुतं त्यानं. पाच-सहा तास का हुईना, आला हुता की! आजा झालो मी. द्या पाणी."

विहीणबाईंनी भांडं भरून पुढं केलं. आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि उभ्यानं, एका दमात रिकामं केलं. ते ऐकून अक्कानं पहिल्यांदाच हंबरडा फोडला. आई म्हणाली, "रडू द्या तिला."

पाचव्या दिवशी आई तिथंच राहिली आणि मी-आबा कळसला परतलो. भवानीनगरला पुन्हा उसाच्या गाड्या आडव्या आल्या. या वेळी आबा जागचे हलले नाहीत. निघताना बारामतीच्या स्टँडवर त्यांनी मला भजी घेऊन दिली होती, आणि स्वतःही दोन खाल्ली होती. हॉटेलातली!

अक्का वाचली. पुढं तिला दोन मुली झाल्या, दोघीही खणखणीत. आबा तिच्याकडं जायचे, राहायचे, हक्कानं भाकरी मागून खायचे. आणि मी? मी कुठंही निघाले तरी दशम्या दुधातच मळते. दूध कमी असलं तर दशम्या कमी करते, पाणी घालत नाही. डब्यात एक डिंकाचा लाडू असतोच. पहिल्या सकाळी, अजून कुणी उठायच्या आत, मी तो खाते.

आबांना कुणी विचारलं, थोरल्या लेकीला मुलं किती, तर ते शेवटपर्यंत तीन सांगायचे. समोरचा म्हणायचा, "आबा, दोनच की. दोन मुली." तर आबा बोटं मोजून दाखवायचे. "ह्या दोघी धाकट्या. थोरला पोरगा बारामतीला झाला."