साठ हात दोर

"दोर कशाला आणलास रे म्हातारबा? आम्हाला बांधायला?"

साहेब म्हणाले आणि सगळी कचेरी हसली.

मीही हसलो. मी चाळिशीतला, नगरपालिकेत आवक कारकून. पोर नव्हतो, न कळायला.

दोर घेऊन उभा होता तो माझा बाप.

शहराच्या नव्या आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायचा तो दिवस. नकाशा भिंतीवर लावला होता. गावाबाहेरची आमची वस्ती त्यावर नव्हतीच. त्या जागी हिरवा रंग. बाग. आम्ही घायपाताचे दोर वळणारी माणसं. दोराला लांब, सरळ जागा लागते. एकानं टोकाला पीळ द्यायचा, दुसऱ्यानं मागं मागं चालत जायचं. नकाशात ती जागा मोकळी दिसली.

ती मोकळी दिसली, कारण मी तसं सांगितलं होतं.

मोजणी सुनावणीच्या आधी झाली. तिचे साहेब वेगळे, बाहेरून आलेले. मला ओळखत नव्हते. कचेरीत माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. या माणसानं स्वतःच्या थर्मासमधला चहा, स्वतःच्या पेल्यात, मला दिला. मला त्यांच्या मदतीला दिलं होतं, मोजफितीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. वस्ती सगळी म्हसवडच्या यात्रेला गेलेली, दावी-कासरे विकायला. झोपड्यांना ताट्या लावलेल्या.

"ह्या झोपड्या कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

तिसरी झोपडी माझ्या बापाची.

"फिरस्त्यांच्या आहेत, साहेब. उठून जातील."

एका पेल्यासाठी. दुसरं कारण शोधून पाहिलं. सापडत नाही.

सुनावणीत बाप म्हणाला, "आवं सायेब, ह्यो दोर आमच्या जाग्यायवढाच हाय. साठ हात. ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर आमी ऱ्हातो. लिवाय येत न्हाई, म्हून वळून आणला. मोजून बगा."

"हरकत लेखी लागते. हे चऱ्हाट फायलीला कसं लावू? चला, पुढचा कोण?"

पुन्हा हसणं. या वेळी मला हसता आलं नाही.

बाप वळला. माझ्या टेबलाशी आला. वाटलं, आता सगळ्यांसमोर नावानं हाक मारेल. त्यानं मान खाली घातली.

"आवं भाऊसायेब," तो म्हणाला, "ह्यो दोर कुटं ठिवू?"

जन्मात पहिल्यांदा बापानं मला आवं म्हटलं. मी त्याला लपवत होतो, हे त्याला माहीत होतं. आणि त्यात तो मला मदत करत होता.

मी उभा राहिलो.

"साहेब, हा माझा बाप. ती जागा मोकळी नाही. मोजणीच्या दिवशी मी खोटं बोललो."

"खाली बसा!"

बसलो. पण आवक वही पुढं ओढून. लिहिलं : 'हरकत. एक दोर, साठ हात. वस्तीकडून.' खाली बापाचं पूर्ण नाव. शिक्का मारला. दोराला चिठ्ठी बांधली आणि दोर कपाटात ठेवला, फायलींच्या वर.

"खोडा ती नोंद," साहेब म्हणाले.

"नाही."

एवढंच बोललो. वही मिटून खणात ठेवली.

याला आता बरेच महिने झाले. नकाशावर अजून हिरवाच रंग आहे. वस्तीत गेलो तर चुलतभाऊ म्हणतो, "आता आठवलं व्हय रं घर? लय लवकर आलास गड्या." त्याचं खरं आहे. बाप पीळ देत बसतो. सुट्टीच्या दिवशी मी दुसरं टोक धरून मागं मागं चालतो. तळहात सोलपटून निघतात. सवय गेलेली.

काल नोटीस हातात पडली. नोंद खोडून माफी लिहून द्या, नाहीतर नोकरी जाईल. थकलो आहे. घरात खाणारी पाच तोंडं आहेत.

माफी मी लिहिणार आहे. पण वस्तीला उद्देशून, आणि वस्तीतच, सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे. कचेरीला एकच ओळ जाईल : नोंद खरी आहे, ती खोडणार नाही.